डेटाला ऊन दाखवताना

घरात सर्व्हर ठेवणाऱ्या माणसाला नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. याचं बिल किती येतं, आणि सगळं गूगलवर ठेवता येत असताना हा उपद्व्याप कशाला? दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार असतात, पण तोवर चहा आलेला असतो आणि विषय मेट्रोवर गेलेला असतो. म्हणून इथेच सांगून घेतो.

बिलाचं सोपं आहे. आमचा सर्व्हर म्हणजे दोन हार्ड डिस्क बसतील एवढी काळी पेटी. ती साधारण २५ वॉट खाते. चोवीस तास, तीस दिवस चालू ठेवली तर महिन्याला १८ युनिटं होतात. आमच्याकडे गीझर बंद करायला विसरून याहून जास्त जात असतील, पण गीझरबद्दल पाहुणे चकार शब्द काढत नाहीत. एक मात्र खरं, की 'जुना डेस्कटॉप पडूनच आहे, तोच वापरू' या मोहात पडलं की हा आकडा सहज चाळीसच्या पुढे जातो. पडून असलेली वस्तू फुकट असते ही आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि ती वीजबिलाच्या स्लॅबपुढे टिकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबतं. गूगल फोटोज २०१५ साली आलं तेव्हा हवे तेवढे फोटो फुकट ठेवता येत. १ जून २०२१पासून ती सोय संपली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, त्यापुढे भाडं. भाडं घेतात यात गैर काहीच नाही. जागा त्यांची, वीज त्यांची, आणि खरं बोलायचं तर व्यवस्थाही माझ्यापेक्षा त्यांचीच चोख. पैसे वाचवायचे म्हणून कोणी घरी सर्व्हर ठेवू नये. पेटी, डिस्क, यूपीएस आणि त्यात गेलेले रविवार, एवढ्याची बेरीज केली तर हा व्यवहार कुठल्याही चार्टर्ड अकाउंटंटला पटणार नाही. ज्यांना आपल्या वस्तू आपल्या नजरेसमोर असल्याशिवाय झोप लागत नाही, त्यांनीच या फंदात पडावं.

आता या पेटीत आहे तरी काय? सगळ्यात जास्त जागा लग्नांनी अडवली आहे. चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत अखंड आहे. मध्येच नवरानवरी एका गुलाबाच्या फुलातून उमलून बाहेर येतात आणि पुन्हा त्यातच मिटतात. ते आजवर कोणी पूर्ण पाहिलेलं नाही, नवरानवरी धरून. त्याखालोखाल नंबर बाबांच्या सुप्रभातांचा. घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री वायफायवर आले की दिवसभराचे फोटो आपोआप पेटीत चढवतात, आणि बाबांच्या फोनमधून रोज उगवते सूर्य, दत्तगुरू, कमळं आणि 'सकाळी कोमट पाणी प्या' असा माल येतो. तो वगळायची सोय आहे. मी तसं सुचवलंही. बाबा म्हणाले, "जागा आहे ना? मग असू दे की." दोन खोल्यांत सात माणसांचा संसार केलेला माणूस. जागा शिल्लक असताना काही टाकून द्यायचं, हे त्यांच्या गणितातच बसत नाही.

आणि याच ढिगात आजोबांचा आवाज आहे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेला, मिनिटभराचाही नाही. त्यात ते कोणाला तरी विचारतात, "चालू झालं का? तो लाल दिवा लागलाय का बघ." मग थोडी खरखर. मग, "नाही लागला वाटतं." आणि खट्टकन बटण बंद. कॅसेटच्या पुढच्या भागावर कोणीतरी नंतर नाट्यगीतं भरली. आजोबांचा आवाज जगात एवढाच उरला आहे आणि त्यात ते, आवाज भरला जात नाहीये, एवढंच सांगतात. ही फाइल एका साध्या फोटोपेक्षा लहान आहे. लग्नाचं शूटिंग तिच्या हजारो पटींनी मोठं. आमच्या घरात तरी फाइलचा आकार आणि तिची किंमत यांचं प्रमाण व्यस्त आहे, आणि मला वाटतं बहुतेक घरांत तसंच असावं.

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचा संगणक आणला. हार्ड डिस्क असलेला हा पहिला संगणक. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत, वजन टनाच्या घरात होतं, आणि मावत होती साधारण ५० लाख अक्षरं. बाबांनी तो आठवड्याभरात भरला असता.

दोन डिस्क कशाला, हे मात्र घरात सगळ्यांना चटकन पटलं. एक बिघडली तर दुसरी. दोन्हींवर तेच लिहिलं जातं, एक गेली तरी काम थांबत नाही, मेलेली काढून नवी लावायची. स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधून भरवशाची साठवण करावी, हा विचार बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एका निबंधात मांडला, आणि तेव्हापासून 'रेड' हे नाव सर्व्हरवाल्यांच्या तोंडी बसलं. पण ते तोंडी बसताना एक गैरसमजही बसला. दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. भाच्याने खेळता खेळता एका डिस्कवरचा 'कोकण ट्रिप' फोल्डर उडवला, तर दुसरी डिस्क तो त्याच क्षणी, अत्यंत आज्ञाधारकपणे उडवते. दुसरी डिस्क यंत्राच्या बिघाडापासून वाचवते. माणसाच्या हातापासून वाचवत नाही. आणि घरात यंत्रं दोन असतात, हात कितीतरी.

माणसाच्या हाताची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट पिक्सारची. १९९८ साली 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना कोणीतरी एक पुसायची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि बघता बघता पडद्यावरून सिनेमाची पात्रं नाहीशी व्हायला लागली. बॅकअप होता. नियमाने घेतलाही जात होता. काढायला गेल्यावर कळलं की तो बरेच दिवस नीट उतरतच नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सस्मन या तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. तिला नुकतंच बाळ झालं होतं, घरून काम करता यावं म्हणून सिनेमाची प्रत तिच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून, गाडी जपून चालवत स्टुडिओत नेला. एवढ्या मोठ्या कंपनीचा सिनेमा एका बाळंतिणीच्या घरात शाबूत राहिला, हे आमच्या आईला फार आवडलं. पुढे कथेसाठी त्यातला बराचसा भाग त्यांनी पुन्हा नव्याने केला, हे मी तिला सांगितलेलं नाही.

यात मला भिववतं ते पुसणं नव्हे. बॅकअप आहे अशी सगळ्यांची खात्री होती आणि तो उघडून कोणीच पाहिला नव्हता, ते. बॅकअप घेणारे पुष्कळ. काढून बघणारे कमी.

उन्हाळा आला की आई वर्षाचं धान्य गच्चीवर काढते. गहू, तांदूळ, वाल, चिंच, सगळ्याला ऊन दाखवायचं. वापरायचं म्हणून नव्हे, डब्यात बंद असलेलं बिघडलंय का हे कळावं म्हणून. पोरकिडा लागतो तो डब्याचं झाकण न उघडता लागतो. डेटाचंही नेमकं हेच होतं, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डिस्क पूर्ण बंद पडली तर कळतं तरी. पण चालू डिस्कवरही एखादा बिट गुपचूप उलटतो, एखादा कोपरा वाचता येईनासा होतो, आणि त्या कोपऱ्यावरची फाइल जोवर कोणी उघडत नाही तोवर सगळं आलबेल दिसतं.

माझ्याकडे याचा एक नमुना आहे. आत्तेभावाच्या मुंजीचा फोटो, २००४ साली डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला. वरच्या अर्ध्यात मांडवाची झालर, पंखा, आजोबांचं टक्कल आणि त्यांच्या कपाळावरचं गंध अगदी स्वच्छ. त्यांच्या नाकाच्या शेंड्याशी चित्र एक बोटभर उजवीकडे सरकतं, रंग जांभळट होतो, आणि हनुवटीपासून खाली सपाट राखाडी. बटूचा पत्ताच नाही. तो ज्या सीडीवर होता त्या सीडीवर काळ्या मार्करने 'मुंज – फायनल' असं लिहिलंय. उजेडात धरली की चंदेरी थराला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. ती सीडी वर्षानुवर्षं शोकेसमध्ये, बंद डबीत, कोणीही हात न लावता ठेवलेली होती. हात न लावणं म्हणजे जपणं, अशी आपली समजूत.

यावर उपाय शोधला तो सन मायक्रोसिस्टिम्सच्या लोकांनी. २००५ साली त्यांनी झेडएफएस नावाची पद्धत खुली केली. तीत प्रत्येक तुकडा लिहिताना त्याची एक हिशेबी खूण वेगळी लिहून ठेवतात. वाचताना खूण पुन्हा काढायची आणि ताडून पाहायची. जुळली नाही तर तुकडा नासलाय असं समजून दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत आणून तिथे बसवायची. महिन्यातून एकदा रात्री आमची पेटी हा उद्योग आपणहून करते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं वाचून काढते, बाबांच्या सुप्रभातांसकट. त्या रात्री ती जास्त घुरघुरते. पहिल्यांदा ते ऐकून आईने विचारलं, "अरे, हे काय चाललंय आत?" मी म्हटलं, "ऊन दाखवतोय." तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "किती खराब निघालं?" मी सांगितलं, काहीच नाही. "पहिल्या वर्षी नाहीच निघत," ती म्हणाली. इतका नेमका तांत्रिक शेरा मला एरवी कुठून मिळाला असता!

विजेची गोष्ट थोडक्यात आटोपतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते हे पेटीला माहीत नसतं, म्हणून तिला यूपीएस लागतो. घरात इन्व्हर्टर आहेच की, असं बायकोचं म्हणणं. पण लाइट गेल्यावर इन्व्हर्टर वीज हाती घ्यायला क्षणभर लावतो. पंख्याला तो क्षण कळत नाही, संगणकाला कळतो. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते दाबलं तर हा क्षण पुष्कळ आखडतो. तरीही छोटा यूपीएस वेगळा घ्यावा आणि त्याची यूएसबी वायर पेटीला जोडावी, म्हणजे बॅटरी संपत आली की पेटी आपली आवराआवर करून नीट बंद होते. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते. आणि मरताना ती मध्यरात्रीच बोंबलते.

जाणकारांत एक नियम सांगतात: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकाराने तो रूढ केला. त्यातलं शेवटचं कलम मला पुण्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पुण्यातल्या कित्येक जुन्या घरांत एकसष्टच्या आधीचे फोटो नाहीत. एखाद्या पणजीचा एकुलता एक फोटो निघतो तो सोलापूरच्या किंवा बेळगावच्या कुठल्याशा लांबच्या नातेवाइकाकडे, लग्नात काढलेल्या घोळक्यात, कडेला अर्धी कापलेली. जे फोटो परगावी गेले ते राहिले. माझ्या दृष्टीने घरात सर्व्हर ठेवण्याचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे, की सगळं घरात असतं.

म्हणून आमची तिसरी प्रत मिरजेला आत्याकडे राहते. तिसऱ्या मजल्यावर. जवळच सांगलीत दुसरी आत्या आहे आणि तिचा आग्रहही होता, पण २०१९च्या पुरानंतर तळमजल्यावरच्या आग्रहांचा जरा विचार करावा लागतो. दिवाळीला मी नवी डिस्क नेतो, जुनी आणतो. आत्या ती गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या खालच्या खणात ठेवते. मागच्या खेपेला तिने उघडून दाखवली: जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा, त्यात डिस्क, बाजूला औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी आणि दोन डांबरगोळ्या. "आत्या, याला कसर नाही लागत गं," मी म्हटलं. "तुला काय माहीत?" ती म्हणाली. येताना डिस्कच्या पिशवीत मेतकूट आणि भाजणी असते. पुण्याला पोचल्यावर डिस्क जोडतो, डोळे मिटून दहा-बारा फाइली निवडतो आणि उघडून बघतो. सगळ्या उघडल्या की आत्याला फोन. तिकडून नेहमीचं उत्तर येतं, "मी तर हलवलीसुद्धा नव्हती."

आता ही डिस्क प्रवास करते, म्हणजे हरवू शकते, म्हणून तिच्यावरचं सगळं कुलूपबंद आहे. पासवर्डाशिवाय ती कोणालाच वाचता येणार नाही. 'कोणालाच' यात घरचेही आले, आणि इथे मला महानुभावांची आठवण होते. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून जमवल्या, त्याचं लीळाचरित्र झालं. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली. ज्यांच्या लक्षात होतं त्यांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. घराबाहेरचा बॅकअप म्हणायचा तो हाच. पुढे त्या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यांतली प्रसिद्ध. ग्रंथ सुरक्षित राहिले, इतके सुरक्षित की पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते कित्येक शतकं वाचताच आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या खटपटीने ती किल्ली लोकांसमोर आली. महानुभावांकडे निदान मठ होते, एकाने दुसऱ्याला किल्ली द्यायची परंपरा होती. आमच्याकडे पासवर्ड माझ्या डोक्यात, आणि माझं डोकं पन्नाशीत.

बायकोने हा प्रश्न हाती घेतला. तिचा पहिला प्रस्ताव कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा होता, जिथे दुधाचा हिशेब असतो. पण कालनिर्णय डिसेंबरअखेर रद्दीत जातं. शेवटी जागा ठरली ती खरेदीखत, एलआयसीच्या पॉलिसी आणि सातबाराचे उतारे ज्या प्लॅस्टिकच्या फायलीत असतात तिथली, कारण घरात काही बरंवाईट झालं की सगळ्यात आधी तीच फाइल काढली जाते. नुसता पासवर्ड पुरत नाही, कृतीही लिहून दे, असंही तिने बजावलं. तो कागद मी लिहिला आणि तिने तपासला. तिच्या दुरुस्त्यांनंतर तो असा आहे:

"हे यंत्र बंद पडल्यास घाबरू नये. लगेच विकूही नये. यात सगळ्यांचे फोटो व कागदपत्रं आहेत. हिरवा दिवा म्हणजे ठीक. नारिंगी दिवा म्हणजे एक डिस्क गेली, दुसरीत सगळं आहे. नवी त्याच मापाची आणून गेलेलीच्या जागी लावणे. कोणती गेली याची खात्री झाल्याशिवाय एकही बाहेर ओढू नये. काहीच कळत नसेल तर मिरजेच्या डिस्कवरून सगळं साध्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे व हा नाद सोडणे. पासवर्ड खाली."

'हा नाद सोडणे' हे तिचं. मी ते खोडलं नाही. माझ्यामागे ही पेटी कोणी चालवावी अशी माझी इच्छा आहे, अपेक्षा नाही. भाची श्टुटगार्टला असते, तिच्या तान्ह्या मुलीचे फोटो रोज इकडे पेटीत येऊन पडतात आणि आई ते टीव्हीवर बघते. भाचीला उद्या हे सगळं कुठल्या तरी कंपनीच्या ढगात ठेवावंसं वाटलं तर तिने खुशाल ठेवावं. फक्त तेही अधूनमधून काढून बघावं.

वाचणाऱ्यांना सर्व्हर घ्या असा आग्रह मी करणार नाही. पण तुमच्या घरात २००० ते २०१० या काळातल्या सीडी-डीव्हीडी शोकेसमध्ये किंवा माळ्यावर असणारच. त्या येत्या रविवारी खाली काढा. नव्या लॅपटॉपला त्यांचा खण नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह बाजारात मिळतो, नाहीतर इमारतीत कोणाकडे जुना लॅपटॉप असतोच. ज्यांच्यावर कागदी स्टिकर चिकटवलेत त्या सगळ्यात आधी उतरवा, त्या गोंदाने थर लवकर खराब होतो. एखादी पहिल्या खेपेला वाचली गेली नाही तर लगेच फेकू नका, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा; पुष्कळदा निघते. आणि कॅसेटी असतील तर त्या सीडींच्याही आधी.